यंत्राला दादा ओळखू यावा म्हणून

अथीचा माळ, ४ मार्च

लोमुरियादादा, एजोक, बरा आहेस ना?

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवेल. फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन दुकानदार आदेनच्या हातात परत देतोस, आणि आदेन मला सांगतो, "तुझा भाऊ उंटांकडे गेला." आपल्याकडे इतके उंट कधी होते रे? म्हणून लिहितोय. कागद परत द्यायचा तर आधी तो हातात घ्यावा लागतो.

(वहिनी, हे शेवटचं वाक्य वाचू नकोस. चिडेल.)

काम मिळालं. मासे धरणं नाही, कोळशाची भट्टी नाही, खडी फोडणंही नाही. चालायचं काम आहे. हसू नकोस, इथे मला चालायचे पैसे देतात. कंपनीने माळावर एक खोटा रस्ता बांधलाय. डांबर खरं, पट्टे खरे, पण रस्ता कुठेच जात नाही, गोल फिरून परत तिथेच. त्यावर एक गाडी धावते आणि तिला ड्रायव्हर नाही. चाक आपोआप फिरतं, बसायची जागा रिकामी. आपण तिच्यापुढून जायचं, आणि तिने थांबायचं.

पहिल्या दिवशी मी रस्त्याच्या कडेलाच उभा राहिलो. मुसेंबी म्हणून कांबा जमातीचा एक गडी आहे आमच्यात. पूर्वी शहरातल्या मटाटू-बसच्या दारात लटकून गिऱ्हाईकं ओढायचा. तो मागून ओरडला, "चल रे तुर्काना! मेलास तर तुझ्या वाट्याची चपाती माझी!" मी डोळे मिटले आणि चाललो. डोळे उघडले तर गाडी उभी. माझ्याकडे बघत असल्यासारखी.

दादा, लोडवारच्या रस्त्यावर माझ्यासाठी कधी एक लॉरी थांबली नाही. शिवी दिल्याशिवाय तर नाहीच. आणि ही, आत कुणी नसताना थांबली.

शेळ्या घेऊनही जावं लागतं. या देशात गाडी चालवायची तर तिला शेळी कळली पाहिजे, असं मुगुरेबाई म्हणतात. त्या इंजिनियर आहेत, आमच्या वरच्या. शेळ्या परमुआत म्हणून एक मासाई म्हातारा आहे त्याच्या, कंपनीने भाड्याने घेतल्यात. म्हातारा स्वतःही आमच्याबरोबर चालतो, कारण त्याच्या शेळ्या परक्याच्या शिटीवर हलत नाहीत.

काल गंमत झाली. गोल चौकात आम्हाला सांगितलं, शहरात वागता तसं वागा. मुसेंबीने हातगाडी घुसवली, मी शेळ्या घातल्या, दोघं मोटरसायकलवाले उलटे आले. गाडी सगळ्यांना वाट देत उभी राहिली. जेवायची सुट्टी झाली तरी उभीच. मुसेंबी म्हणाला, "बाई, पोरगी फार सभ्य घरातली आहे. नैरोबीत हिचं लग्न व्हायचं नाही." मुगुरेबाई हसल्या, पण लिहूनही घेतलं. म्हणाल्या, "रेषा आखलेल्या रस्त्यावर ही आजही धावेल. जिथे माणसं डोळ्यांनी भांडून वाट ठरवतात तिथे कधी धावेल, ते मला विचारू नका."

तुझा बैल लोपुस कसा आहे? त्याचं डावं शिंग वळायला लागलं का? मी निघालो तेव्हा तू त्याच्या मानेला राख चोळत होतास. तू वर बघितलं नाहीस. मी वाळवंटाच्या कडेपर्यंत मागे बघत गेलो, तुला वाटलं असेल नाही बघितलं.

एकिदोर


अथीचा माळ, २० एप्रिल

दादा,

वहिनीचा निरोप लॉरीवाल्याने तोंडी दिला. तू पत्र ऐकलंस आणि म्हणालास, "पायाला भिंगरी असलेल्याला चालायचंच काम मिळालं, बरं झालं." हे तू खरंच म्हणालास की वहिनीने गोड करून सांगितलं? तरी मी ते दोनदा सांगायला लावलं लॉरीवाल्याला.

आता माळाच्या मागच्या बाजूला हलवलंय आम्हाला. तिथे रस्ता नाही. वाळू, दगड, काटे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथेच बसलो. मुसेंबी म्हणाला, "काय झालं, पाय मोडला?" काही नाही म्हटलं. दादा, तिथे आपल्यासारखा वास येतो. ऊन चढलं की दगडाला येतो तो.

इथलं यंत्र वेगळं आहे. बुटकं, सहा चाकांचं, मातीच्या रंगाचं. डांबरावरच्या गाडीत निदान कुणीतरी बसणार होतं. याच्यात माणसाला जागाच नाही. गस्तीसाठी आहे म्हणतात. वाट नसलेल्या ठिकाणी आपलं आपण फिरायचं आणि हत्यारवाला कोण, साधा कोण, ते ओळखायचं. वर मान आहे, मानेवर एक पेटी. मी विचारलं पेटीत काय. मुगुरेबाई म्हणाल्या, "आता काही नाही."

तंबूत एक पडदा आहे. यंत्राला जे दिसतं ते त्यावर दिसतं. माणूस दिसला की त्याच्याभोवती चौकट येते. साधा असेल तर हिरवी, हत्यारवाला वाटला तर लाल. लाल झाली की मान तुझ्याकडे वळते. मुसेंबी छत्री घेऊन गेला, लाल! त्याने छत्री उघडली, हिरवी! बंद केली, लाल! आम्ही हसून लोळलो. मग मी गेलो, आपली सवय, काठी खांद्यांवर आडवी आणि दोन्ही हात वरून सोडलेले. लाल. मीही हसलो. पण मान माझ्यामागे वळत राहिली. मी डावीकडे गेलो, डावीकडे. उजवीकडे, उजवीकडे. हसू संपलं तरी ती वळतच होती.

मुगुरेबाईंनी त्या संध्याकाळी मला आणि परमुआतला बोलावलं. म्हणाल्या, "याला गुराखी कसा चालतो ते माहीतच नाही. तुम्ही दाखवा. रोज दाखवा. बघून बघून ते शिकेल. आधी नुसते चाला, काठी घेऊन."

परमुआत म्हणाला, "नुसते म्हणजे?"

"म्हणजे शेळ्या नकोत."

म्हातारा असा हसला की त्याला खोकला लागला. "पोरी, शेळ्या नसल्या तर मी गुराखी कसला? तो बाजाराला निघालेला माणूस झाला. नाहीतर वेडा."

मीही म्हटलं, "बाई, मागे जनावर नसेल तर पाय तसे पडतच नाहीत." खरंच आहे ना दादा? त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, बरं, घ्या शेळ्या.

मग प्रश्न आला, गुराखी चालतो कसा? मी कधी धड चाललो आहे? मी तर दर पावसानंतर पळणारा. म्हणून मी तुझं चालणं काढलं. डावं पाऊल बाहेर टाकलं, उंटिणीने लाथ मारल्यापासून तू टाकतोस तसं. काठी आडवी, बसायचा छोटासा पाट करंगळीला लटकवलेला. मध्येच एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल गुडघ्याला टेकवलं. मुसेंबी म्हणाला, "हा कोण आला?" मी म्हटलं, माझा भाऊ. तो म्हणाला, "अरे वा, तुझ्यापेक्षा बरा दिसतो."

चौकट हिरवी झाली.

एकिदोर


अथीचा माळ, ११ जून

दादा,

निरोप नाही. लॉरीवाला म्हणतो, तुम्ही लोक सीमेकडच्या चराईला गेलात, घरी कुणी नव्हतं. पाऊस झाला नाही का? इथेही नाही, पण इथे नळ आहे.

मी रोज तू असतो. सकाळी उगाली खाऊन निघतो, शेळ्या सोडतो आणि पहिल्या बाभळीपाशी तू होतो. जेवायच्या सुट्टीत परत मी. पहिले दिवस नक्कल होती. आता कधी कधी कळत नाही. काल ऊन तिरकं होतं, वाळूत सावली पडली होती, काठी आडवी, पाऊल बाहेर. मी तिच्याशी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

(वहिनी, तुला सांगतो. "मी येऊ का" म्हणालो. त्याला वाचू नकोस.)

गेल्या आठवड्यात कोट घातलेले लोक आले होते. विकत घेणारे. कुठले ते आम्हाला सांगत नाहीत. तंबूत नकाशा पसरला होता, चहा द्यायला मी आत गेलो. नकाशा वाचायला मला कुठे येतो, पण आपलं सरोवर लांबट आहे आणि ते कुठे आहे एवढं मला कळतं. एका कोटवाल्याचं बोट सरोवराच्या वर होतं. आपल्या विहिरींच्याही वर, सीमेच्या वाटेवर. गुरं पळवणाऱ्या टोळ्या तिथून येतात ते त्यांना माहीत आहे. तिथूनच तू येतोस जातोस हे त्यांना माहीत नाही.

बाहेर आल्यावर मुगुरेबाईंना विचारलं, "हे आमच्याकडे जाणार का?"

त्या म्हणाल्या, "त्याला काय दिसतं एवढंच माझ्या हातात आहे एकिदोर. कुठे जाणार ते नाही."

पण तू काळजी करू नकोस. मी शिकवलंय त्याला. रोज हिरवा. उन्हात हिरवा, धुळीत हिरवा, परवा वावटळीत शेपूट हरवलेल्या उंदरासारखे आम्ही गोल फिरलो तेव्हाही हिरवा. ते तिथे आलंच तर तुला बघून मान फिरवेल दुसरीकडे. मुसेंबी म्हणतो, "तुझा भाऊ या देशात सगळ्यांत प्रसिद्ध माणूस आहे, आणि त्याला पत्ताच नाही."

एक अक्षर पाठव. शिवी असली तरी चालेल.

एकिदोर


अथीचा माळ, १९ जुलै

दादा!

मिळालं. पिठाच्या पिशवीमागे लिहिलेलं, वहिनीचं वळणदार मोठं अक्षर. मी ते मुसेंबीपुढे वाचलं, मग संडासामागे जाऊन वाचलं.

दुष्काळात गुरं गेली. शेळ्याही गेल्या. लोपुस गेला. तू त्याच्याजवळ बसून राहिलास आणि उठवायला तिघं लागले. आणि लोक अजून तुला अपालोपुस म्हणूनच हाक मारतात, लोपुसचा बाप, आणि तू ओ देतोस. वहिनीने हे सगळं सरळ लिहिलंय, एका ओळीखाली एक. मला तिथे असायला हवं होतं असं तिने लिहिलं नाही. तिचे उपकार.

आणि खाली तुझं. "म्हण त्याला, ये. मामाकडून दोन शेळ्या मागू आणि दोघं मिळून परत सुरू करू."

तू "दोघं" म्हणालास.

शनिवारच्या लॉरीने निघतोय. मुगुरेबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या जा. शुक्रवारपर्यंत काम करतो, हिशेब घेतो. मुसेंबीने माझ्यासाठी पत्र्याची पेटी आणली. म्हणाला, "आत काही नाही, पण रिकाम्या हाताने घरी जाऊ नये." दादा, मी येतोय. चुलीपाशी राखेजवळची माझी झोपायची जागा झाडून ठेव.

एकिदोर


अथीचा माळ, २४ जुलै

दादा,

शनिवारची लॉरी आज निघतेय. मी तिच्यात नाही. हे पत्र आहे तिच्यात.

आधी ऐक, मग फेक. वहिनी, हे त्याला सगळं वाच, काही गाळू नकोस.

गुरुवारी परमुआत शेळ्या घेऊन गेला. त्याच्या गावात लाळ्या-खुरकूत आलाय, सगळी जनावरं डोंगरापलीकडे न्यायला सांगितलंय. शुक्रवार माझा शेवटचा दिवस. मुगुरेबाई म्हणाल्या, "शेळ्या नाहीत तर आज राहू दे." मी म्हटलं, नाही, एकदा जातो. मला निरोप घ्यायचा होता, यंत्राचा नाही, तिथल्या तुझा. पहिल्या बाभळीपाशी काठी आडवी घातली, पाऊल बाहेर टाकलं, निघालो. रोजच्यासारखा. रोजच्यापेक्षा चांगला. तू "ये" म्हणाला होतास ना.

मान वळली.

मला वाटलं माझ्यामागे कुणी आहे. मागे कुणी नव्हतं. तंबूतून मुसेंबी धावत आला. हसत नव्हता. "लाल," म्हणाला.

मी परत गेलो. लाल. काठी खाली ठेवून गेलो, हिरवा. काठी उचलली, लाल. पाट लटकवला, एका पायावर उभा राहिलो, शीळ घातली, तुझं सगळं सगळं केलं. लाल.

मुगुरेबाई पडद्यासमोर बसून होत्या. जुनी चित्रं काढून बघत होत्या, एकेक. सगळ्यांत मी, आणि सगळ्यांत माझ्या मागे शेळ्या. म्हणाल्या, "ते तुला शिकलंच नाही रे. शेळ्या शिकलं. शेळ्यांपुढे चालतो तो बरा माणूस, एवढंच."

मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणत होता, शेळ्या नकोत."

"म्हणत होते. पण तुमचं ऐकलं. मलाही पटलं होतं."

दादा, गुरं गेलेल्या माणसाला आपल्याकडे काय म्हणतात ते तुला माहीत आहे. पाणवठ्यावर कोण त्याला जागा करून देत नाही तेही. मला वाटलं होतं, यंत्राला तरी हे माहीत नसेल. आम्हीच शिकवलं. हसत हसत.

आणि तू आता कसा फिरतोस? वहिनीने लिहिलंय, तू रोज सीमेच्या वाटेने जातोस, हरवलेली उंटीण कुठे दिसते का बघायला. एकटा. खांद्यावर काठी.

मी बाईंना विचारलं, आता काय. त्या म्हणाल्या, "डांबरावरची गाडी चुकली तर थांबते. हे यंत्र चुकलं तर थांबत नाही, आणि तेव्हा त्याची पेटी रिकामी नसेल. मी वर लिहून दिलंय की हे अजून बाहेर न्यायच्या लायकीचं नाही. ते म्हणतात, शेळ्या परत आणा आणि खरेदीदारांना दाखवा, शेळ्यांबरोबर तर छान चालतंय. मी थोडा वेळ मागून घेतलाय. शेळ्यांशिवाय शिकवून बघू. पण चालणारा हवा."

"शिकेल का?"

"खोटं सांगू का खरं?"

"खरं."

"दहादा हिरवं होईल. अकराव्यांदा ढग येईल, नाहीतर तू काठी थोडी वेगळी धरशील, आणि लाल होईल. का, ते मलाही सांगता येणार नाही. कदाचित कधीच पूर्ण भरवशाचं होणार नाही. पण आज आहे त्यापेक्षा बरं होईल."

मुसेंबी म्हणाला, "तू जा घरी. भावाने बोलावलंय. मी चालतो ना तुझ्या भावासारखा!" आणि चालून दाखवलं. काय सांगू, मटाटूच्या दारात लटकून अर्ध्या नैरोबीला हाका मारत निघाल्यासारखा. कंबर इकडे, काठी तिकडे. बाईंनाही हसू आलं, मग रडू. मी पेटी उघडली आणि कपडे परत खुंटीला लावले. मुसेंबी म्हणाला, "तू? एका जागी राहणार? तू तर कुठेच न टिकणारा!" मी रिकामी पेटी खाटेखाली सरकवली.

तू "ये" म्हणालास. त्यासाठी मी किती वाट बघितली ते लिहायला मला शाळा पुरली नाही. आणि आता मीच म्हणतो, थांब. तुझ्याकडे येणारी प्रत्येक लॉरी मी मोजत नाही, कारण मोजली तर चढेन.

तोवर माझं एवढं ऐक. उंटीण शोधायला वहिनीच्या भावाला पाठव, त्याच्या शेळ्या बरोबर घेऊन. जायचंच असेल तर एक शेळी बरोबर घे, कुणाची मागून घे, लंगडी असली तरी चालेल, दोरीला बांध आणि पुढे मागे नाचू दे. लोक हसतील. अपालोपुस शेळीला फिरायला नेतो म्हणतील. म्हणू देत. शेळी मिळालीच नाही तर काठी घरी ठेव. तू काठीशिवाय उंबरठाही ओलांडत नाहीस हे मला माहीत आहे, तरी ठेव. ते अजून तिकडे आलेलं नाही. येईल की नाही, कधी येईल, हे मला कुणी सांगत नाही, म्हणून आजपासूनच.

वहिनी, इथून पुढचं त्याला वाचू नकोस. तो झोपेल तेव्हा वाच.

आज सकाळी कामाला उभा राहिलो आणि पाऊलच उचलेना. जनावरांबरोबरचा दादा मला पाठ आहे. जनावरांशिवायचा मी कधी बघितलाच नाही. तो नसलेल्या गुरांसाठी अजून वाट सोडून चालतो का? काठी तशीच धरतो, की टेकत चालतो म्हाताऱ्यासारखी? मध्येच थांबतो का, आणि थांबला तर कशाकडे बघतो? तू उद्या त्याच्या मागून जा, लांबून, त्याला कळू न देता. नीट बघ आणि मला सगळं लिही, लाज वाटेल तेही लिही. गुरं होती तेव्हा तो सगळ्यांत मागच्या वासराच्या वेगाने चालायचा. आता कुणाच्या वेगाने चालतो?

लवकर लिही. सोमवारपासून रोज सकाळी मला चालायचंय.

एकिदोर